कंपनीने काढलं पण रेकॉर्डवर 'राजीनामा', ईएसआयचा बेकारी क्लेम रिजेक्ट झाला, आता काय?

हा घोळ कॉमन आहे. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) बेकारी भत्त्याच्या योजनेत, म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के मिळतात, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच, पण स्वतःहून नोकरी सोडली किंवा गैरवर्तनासाठी काढलं तर काहीच नाही, त्यामुळे एचआरने ईएसआयच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याचं कारण काय टाकलंय त्यावरच सगळं अडतं. आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयातून रिजेक्शनचं कारण लेखी घ्या, तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. मग एचआरला मेल टाका की कारण दुरुस्त करा (फोन नको, पुरावा राहत नाही), सोबत कमी केल्याचं लेटर, नसेल तर 'उद्यापासून येऊ नका' वाला व्हॉट्सॲप मेसेज पण चालवा, आणि तेच कागद शाखेत अर्जासोबत देऊन पोच घ्या. पोचेवर शिक्का हवाच. तिथे हलले नाहीत तर प्रादेशिक कार्यालय, सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल) तक्रार, आणि शेवटी कर्मचारी विमा न्यायालय. राजीनाम्यावर खरंच सही केली असेल तर मात्र अवघड आहे, जबरदस्तीने घेतला हे दाखवावं लागेल, त्यासाठी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात वेगळी तक्रार करा.