प्लास्टिकच्या डब्यामुळे मुलग्यांना पुढे मूल होण्यात अडचण येते का?

ताई, तुमचा 6 वर्षांचा मुलगा रोज प्लास्टिकच्या डब्यात पोळी-भाजी नेतो आणि त्याला पुढे बाप होण्यात अडचण येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की तुम्हाला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. मी धुळ्यात लहान मुलांचा डॉक्टर आहे. डब्यापेक्षा मला तुमच्या त्या शेवटच्या ओळीची जास्त काळजी वाटते, म्हणून आधी तेच बोलतो.

मुलग्याची जननेंद्रियं घडतात ती साधारण 8व्या ते 14व्या आठवड्यात. गर्भाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुटतं आणि त्यावर पुढची सगळी घडण ठरते. प्लास्टिक मऊ करायला जी थॅलेट नावाची रसायनं घालतात, त्यांतली काही हेच टेस्टोस्टेरॉन कमी पाडतात. उंदरांत हे स्पष्ट दिसलंय: गाभण मादीला ती भरपूर दिली की काही नर पिल्लांची वृषणं पोटातून खाली पिशवीत उतरत नाहीत, लघवीचं छिद्र भलत्याच जागी येतं. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. पण अमेरिकेत शॅना स्वान या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2005 साली असं आढळलं की ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी काही थॅलेट जास्त होती, त्यांच्या मुलग्यांत गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर कमी भरत होतं. गर्भात पुरुषी हार्मोन किती पोचलं, याची ती एक खूण मानतात. म्हणून सगळी मुलं नपुंसक होणार, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरं नाही. पण तुम्ही आत्ता जपावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

सगळं प्लास्टिक सारखं नसतं. शेतातली ठिबकची नळी पॉलिथिनची असते, तिला थॅलेट लागत नाही. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्यातल्या त्यात बरा. 3 म्हणजे पीव्हीसी, थॅलेट घालून मऊ करतात ते मुख्यतः हेच. 7 मध्ये पॉलिकार्बोनेट असू शकतं, आणि ते बीपीएपासून बनतं. बीपीए हेसुद्धा हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारं रसायन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा 20,000 पट खाली आणली.

खरी गडबड होते ती उष्णता आणि तेल एकत्र आल्यावर. थॅलेट तेलात सहज उतरतं. आपल्याकडे शेवभाजीचं पार्सल कसं मिळतं आठवा: उकळता रस्सा, वर बोटभर तर्री, पातळ पिशवीत ओतून वर रबर लावलेलं. घरी पोचेपर्यंत पिशवी लुळी पडलेली असते. ती कुठल्या मालापासून बनली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी स्टीलची बरणी घेऊन जातो, तुम्हीही मालकांना तसंच पाठवा. लोणचं काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. मे महिन्यात 44-45 अंशांत टेम्पोवर तापत आलेल्या जारच्या पाण्यापेक्षा घरचा माठ केव्हाही चांगला. दुकानातली गुळगुळीत बिलाची चिठ्ठी मुलाला तोंडात धरू देऊ नका, तिच्यावर बीपीए किंवा त्याचंच भावंड असतं. यात्रेतून मऊ खेळणं घेताना आयएसआय मार्क बघा.

दिलासा असा की ही रसायनं शरीरात साठून राहत नाहीत. बहुतेक एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. म्हणजे आज डबा आणि पार्सल बदललं तर फरक याच आठवड्यात पडतो.

आता मोठ्या मुलाचं. स्टीलचा डबा द्या, तेवढं पुरे. पण एकदा आंघोळीच्या वेळी, पाणी कोमट असताना, दोन्ही वृषणं पिशवीत हाताला लागतात का ते बघा. न उतरलेल्या वृषणामुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून नाही लागली तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. मोठा झाला की उतरेल, असं घरातली मंडळी सांगतात. त्यावर थांबू नका. येणारं बाळ मुलगा असेल तर जन्मताच आणि पुन्हा 6व्या महिन्यात तपासून घ्या. त्यानंतर वृषण आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी, आणि ऑपरेशन दीड वर्षाच्या आत झालेलं बरं.

तशी वेळ आलीच आणि कोणी तुम्हाला ‘गरोदरपणी काय खाल्लं होतं?’ म्हणून टोकलं, तर ऐकून घेऊ नका. अशा बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, आणि त्यात आईचा काही दोष नसतो.