कापण्याआधी पायाची नाडी बघ

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक दापोलीकडे झाल्याचं कळलं. भातलावणी सुरू झाली की ओपीडीत पाय दिसू लागतील : चिखल्यांनी फाटलेल्या बेचक्या, कालवांच्या शिंपल्यांनी कापलेले तळवे. पेशंट म्हणेल, "काय दुखत नाय, डॉक्टर." तिथेच सावध हो. मधुमेहानं नसा बधिर झाल्या, म्हणून दुखत नाही.

हर्णैच्या एका मधुमेही खलाशाच्या पायाची करंगळी काळी, कोरडी पडली होती. मी नाडी न बघता ती काढली. जखम भरलीच नाही. काळेपणा वर चढत गेला आणि शेवटी पाय गुडघ्याखालून गेला. ती चूक माझी. म्हणून सांगतो, पायाच्या पाठीवरची आणि आतल्या घोट्यामागची, दोन्ही नाड्या स्वतःच्या बोटांनी बघ. लागल्या नाहीत तर डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघायची तपासणी, कर. घोट्याच्या आणि दंडाच्या दाबाचं गुणोत्तर १.३ च्या वर आलं तर रक्तपुरवठा उत्तम आहे असं समजू नकोस. धमन्यांत कॅल्शियम साचलं की त्या दाब मोजायच्या पट्ट्यानं दबत नाहीत. कोरडं गँगरीन, म्हणजे रक्ताअभावी मेलेलं काळं मांस, असेल तर थांब, आधी रक्त पोचवायची सोय बघ.

पू मात्र थांबत नाही. तळवा सुजलाय, वास येतोय, दाबल्यावर बोटांखाली कुरकुर लागतेय, तर त्याच रात्री उघड. मुंबईला पाठवायच्या वाटेवरच पू स्नायुबंधांच्या आवरणांतून वर सरकतो. आणि खाऱ्या पाण्यात झालेली जखम काही तासांत जांभळ्या फोडांनी भरली, तर व्हिब्रिओ हा समुद्राच्या पाण्यातला जंतू मनात धर : सेफ्ट्रिॲक्सोनबरोबर डॉक्सिसायक्लिन, ही दोन्ही प्रतिजैविकं लगेच चालू कर, आणि ऑपरेशन सकाळवर ढकलू नकोस.

एरवी कडेचा घट्टा आणि मेलेलं मांस ताजं रक्त दिसेपर्यंत काढ. जखमेत घातलेला प्रोब (बोथट सळई) हाडाला टेकला तर हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठव.

त्यानंतरचं काम जास्त अवघड. जखमेवरचा भार काढला नाही तर तुझं ऑपरेशन वाया जातं. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांच्या जखमा प्लॅस्टरमध्ये ठेवून भरून काढल्या. तळव्याच्या जखमेला आजही तेच प्लॅस्टर घाल, फक्त संसर्ग आटोक्यात आणि रक्तपुरवठा पुरेसा असेल तेव्हाच. खलाशी होडीवर जायची घाई करणारच. त्याच्या घरच्यांना समोर बसव, किती आठवडे लागतील ते सांग, आणि प्रत्येक ड्रेसिंगला दुसऱ्या पायाचीही चप्पल काढायला लाव.