परवाच्या रात्रीची तक्रार करायचीच आहे ना, मग आधी हे वाच

अरे,

परवा तुला पोलीस ठाण्यात बोलावून मारलं, रात्रभर बसवून ठेवलं, त्याबद्दलचा तुझा अर्ज काल रात्री दोनदा वाचला. अडीच पानं लिहिलीयस, त्यातली दोन पानं पोलीस खातं गरिबाला कसं वागवतं यावर गेलीयत आणि तुला कानाखाली मारली ते एका ओळीत आलंय. तुझा राग मला कळतो, वाचून माझंही रक्त खवळलं. पण ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हा कागद जाणार त्याला तुझं खात्याबद्दलचं मत नकोय, कुणाला बोलवायचं आणि कुठलं रजिस्टर मागवायचं एवढं त्याला त्यातून कळलं पाहिजे.

म्हणून परत लिही, अगदी साध्या शब्दात. फोन किती वाजता आला (कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेव), ठाण्यात किती वाजता पोचलास, ठाणे अंमलदाराच्या (त्या वेळी ठाण्याची ड्युटी सांभाळणाऱ्याच्या) टेबलाजवळ बसवलं की आतल्या खोलीत, मारणाऱ्याच्या छातीवर नेमप्लेट होती का, शिपाई असेल तर बक्कल नंबर (शिपायाचा खात्यातला ओळख क्रमांक) दिसला का, तेव्हा अजून कोण कोण हजर होतं, मोबाईल कुणी काढून घेतला, सकाळी सोडताना कशावर सही घेतली का. नाव माहीत नसेल तर वर्णन लिही, उंची, मिशी, अंगावर वर्दी होती की साधे कपडे. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते त्यांच्याच रेकॉर्डवरून निघतं. पण ठोकून नाव देऊ नकोस हां, एक नाव चुकलं की सगळा अर्जच खोटा म्हणायला मोकळे होतात. नक्की वेळ आठवत नसेल तर सरळ "अंदाजे" लिही.

पण अर्जाच्याही आधी सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात जा, आजच. कानामागचा तो हिरवट-निळा डाग काही दिवसांनी दिसणार नाही आणि मग तू काहीही सांगितलंस तरी दाखवायला हातात काही नसेल. डॉक्टरने विचारलं तर पडलो वगैरे अजिबात म्हणू नकोस, कुठे, कधी, कुणी मारलं ते जसंच्या तसं सांग, एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी दुखापतीची वैद्यकीय नोंद) करा म्हण, आणि ते केसपेपरवर उतरलंय का ते तिथेच उभं राहून वाच. फोटो काढशील तर ओरिजिनल फाईल मोबाईलमध्ये राहू दे. व्हॉट्सॲपवर पाठवला की फोटो बारीक होतो, कधी काढला ती माहितीही त्यातून जाते.

दुसरी घाई कॅमेऱ्याची. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान १ वर्ष. हे कागदावर. प्रत्यक्षात कॅमेरा नेमका त्या रात्री बंद होता असं उत्तर येऊ शकतं, म्हणून एक वेगळा छोटा अर्ज लगेच दे की अमुक तारखेचं, संध्याकाळी इतक्यापासून सकाळी इतक्यापर्यंतचं फुटेज जपून ठेवावं, आणि त्याची एक प्रत वरिष्ठांना. माहिती अधिकारातही माग, त्याला साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता तू फोनवर विचारलंस की अटकच दाखवली नाही तर तक्रार कशाची करणार. अरे हीच तर तक्रार आहे! चौकशीला बोलवायचं तर नोटीस देतात, अटक केली तर अटकेचा मेमो करतात, त्यावर साक्षीदाराची सही असते, घरी कळवतात, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे सगळं आहे आणि त्याच्याही आधीपासून कोर्टाने घालून दिलेलं आहे. "नुसतं बसवून ठेवलं" असा प्रकार कायद्यात कुठेच नाही. हे शब्द अर्जात तसेच टाक, रात्रभर बसवून ठेवलं, एकही कागद दिला नाही, घरी कळवू दिलं नाही.

अर्ज त्याच ठाण्यात देऊन थांबू नकोस. शहरात असशील तर डीसीपी (पोलीस उपायुक्त) आणि पोलीस आयुक्त, जिल्ह्यात असशील तर एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिस. शिवाय राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात अशी प्राधिकरणं नेमायला सांगितलं होतं, आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायद्यात ती तरतूद आली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, नियम न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी असल्या तक्रारी तिथे चालतात, तुझी बसते. मानवाधिकार आयोगाकडेही जाता येतं, पण घटनेपासून १ वर्षाच्या आत. गुन्हा नोंदवायचा असेल तर तो वेगळा रस्ता, आधी एसपीकडे लेखी आणि मग मॅजिस्ट्रेट, तिथे वकील हवाच. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचार.

आणि पोच घे. हे मी जीव तोडून सांगतोय कारण मी स्वतः चुकलोय. शेजारच्या पोराला असंच मारलं होतं, मी त्याच्यासोबत एका ऑफिसात गेलो, तिथला माणूस फार चांगला बोलला, पाणी दिलं, ठेवून जा म्हणाला, बघतो म्हणाला, आणि मी ठेवून आलो. तीन महिन्यांनी गेलो तर असा अर्ज आवकला, म्हणजे आलेल्या कागदांच्या रजिस्टरमध्ये, नाहीच. आमच्याकडे झेरॉक्स होती पण त्यावर ना शिक्का ना आवक नंबर, त्या पोराने मग नादच सोडला. त्याचा तो उतरलेला चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. त्यामुळे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. नाहीच दिली तर तिथूनच पोस्टात जा, स्पीड पोस्ट कर आणि पावती अर्जालाच टाचून ठेव.

यानंतर फोन येतील. ओळखीतलाच कुणीतरी येऊन मिटवून टाक, पुढे नोकरीला अडचण येईल म्हणेल. भांडू नकोस, वकिलाशी बोलून सांगतो एवढंच म्हण आणि कोण, कधी, काय बोलला ते वहीत टिपून ठेव. जबाबाला बोलावलं तर एकटा जाऊ नकोस. जबाब पूर्ण वाच, तू "मारलं" म्हणालास आणि तिथे "बाचाबाची झाली" लिहिलं असेल तर दुरुस्त करायला लाव, मगच सही.

वेळ लागेल, महिने लागतील, हे आत्ताच मनात धर.

केसपेपर हातात आला की आधी मला फोटो पाठव. रविवारी सकाळी मी येतो, तोवर त्या रात्रीचं तासातासाने एका कागदावर लिहून ठेव, मग दोघं बसून अर्ज नव्याने करू.

तुझा,
दादा