सॅम्पल देण्याआधी

चिरंजीवास आशीर्वाद,

फोनवर तू अर्ध्यातच विषय बदललास, म्हणून लिहून कळवतो. मूल होत नाही म्हणून वर्षभर सूनबाईच्याच सोनोग्राफ्या आणि रक्ततपासण्या चालल्यात. तुझी वीर्यतपासणी खरं तर सुरुवातीलाच व्हायला हवी होती. सुईसुद्धा टोचत नाहीत रे त्यात.

शेवटच्या वीर्यपतनानंतर किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवस जाऊ दे. ‘जितकं साठवशील तितका काउंट (शुक्रजंतूंची संख्या) चांगला’ हे पारावरचं ज्ञान. दिवस लांबले की शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. मध्यंतरी टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल, जिमवाल्यानं इंजेक्शनं दिली असतील, तर डॉक्टरांना सांग. शुक्रजंतू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, त्यामुळे तेव्हाचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो.

डबी लॅबचीच घे. आधी लघवी करून ये, हात साबणानं धुऊन कोरडे कर. तेल, क्रीम, थुंकी काही लावायचं नाही. साधा कंडोमही चालत नाही, त्यातल्या रसायनानं शुक्रजंतू मरू शकतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला भाग डबीतच पडला पाहिजे, बहुतेक शुक्रजंतू त्यातच असतात. सांडला तर खिडकीवर तसं सांग. लॅबच्या खिडकीत बसून मी पाहिलंय, पोरं मान खाली घालून डबी सरकवतात आणि पळतात. मग रिपोर्ट कमी आला की घरात रडारड!

सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच दे. तिथली खोली म्हणजे न्हाणीघराएवढी, बाहेर कुणीतरी कडी वाजवतंय. मन लागत नाही, हे मान्य. पण परळीहून डबी घेऊन एसटीनं लातूर गाठायचं म्हणशील तर तासाच्या आत पोहोचणं होत नाही. त्यापेक्षा लातुरातच पाहुण्यांकडे मुक्काम कर. तिथून नेताना डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेव. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत टाकलीस तर संपलंच.

रिपोर्टात शुक्रजंतूंचा ‘सामान्य आकार 4 टक्के’ दिसलं तर हबकू नको, जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादाच तेवढी आहे. संख्येची खालची मर्यादा मिलीलिटरला 1.6 कोटी. आकडा कमी आला तरी एका रिपोर्टावर निकाल लावायचा नसतो, डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतील. तोवर गुटखा बंद.

निघण्याआधी लॅबला फोन कर. काही ठिकाणी सॅम्पल सकाळीच घेतात.

तुझा मामा