४३ फुटांची वाट पाहू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

दुधाळीच्या अंगाला तळमजल्यावर घर भाड्यानं घेतलंस आणि पावसाळ्याच्या तोंडावर आई-बाबांना कोल्हापूरला आणणार आहेस, हे बाबांनी फोनवर सांगितलं. घर ऐसपैस आहे, नोकरीच्या जवळ आहे. ते सोड असं मी म्हणणार नाही. पण माझी सगळी नोकरी तलाठी म्हणून कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत गेली. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला घरात शिरलो की एकच वाक्य कानावर यायचं, "एवढं येईल असं वाटलं नव्हतं." तुझ्या तोंडी ते यायला नको, म्हणून लिहितोय.

आधी एक आकडा ठरव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात ही पातळी फूट-इंचांत सगळ्या शहराच्या तोंडी असते. पण तुझ्या दारात पाणी किती फुटांला येतं, हे त्या आकड्यांत नाही. ते गल्लीतल्या जुन्या माणसाला विचार. किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, कोपऱ्यावरची आजी, यांना ते पाठ असतं. घरमालकाला शेवटी विचार. भिंतीवर २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुराची खूण असेल तर तिच्याशेजारी उभी राहून बघ, तुझ्या कुठवर येते. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

मग घरात बसून तिघांनी ठरवा : अमुक फुटाला सामान वर, तमुक फुटाला आई-बाबा घराबाहेर. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. घर सखल असेल तर दुसरा आकडा ४३ च्या बराच अलीकडचा हवा. आकडा गाठला की चर्चा करायची नाही, निघायचं. पोरी, रात्री दोनला उंबऱ्याशी पाणी आलेलं असताना माणूस नीट विचार करू शकत नाही. "अजून तासभर बघू" हेच त्याला सुचतं. २०१९ ला कितीतरी कुटुंबं "२००५ ला इथवरच आलं होतं" या भरवशावर थांबली, आणि पाणी त्या खुणेच्या वर गेलं. ज्यांचा निर्णय आधी झाला होता, त्यांची म्हातारी माणसं कोरड्या रस्त्यानं गेली.

हे मी इतकं का सांगतोय? ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. लहान लेकरंबाळं, बाया गेल्या. बचाव पथकं जीव धोक्यात घालून काम करतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आपल्यावर बोटीत बसायची पाळी येऊ नये, एवढं आपल्या हातात असतं.

दुसरी गोष्ट, तुझ्या डोक्यावरच्या पावसावरून अंदाज बांधू नकोस. कोल्हापुरात ऊन पडलेलं असतं आणि पंचगंगा चढत असते, कारण पाणी येतं घाटमाथ्यावरून, गगनबावडा-राधानगरीकडून. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावती नदीतून शहराकडे निघतं. खाली नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा तुंबलेली असली तर पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, तुंबलेल्या पाण्याची फूग मागं सरकते. शहरात तर नदीच्या आधी नाला दारात येतो. जयंती नाल्यातून पाणी उलटं गल्ल्यांत शिरतं. म्हणून बातमी ऐकताना तीन गोष्टी धर : राजाराम बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, आणि गगनबावड्याचा पाऊस. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "धरण फुटलं"च्या निरोपांवर विश्वास ठेवू नकोस, पुढं पाठवू तर अजिबात नकोस. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तिथं विचार. ११२ आणि १०८ तुला माहीत आहेतच. हे सगळे नंबर, आणि ज्यांच्याकडे जाणार त्यांचाही, कागदावर लिहून आईच्या पाकिटात ठेव. मोबाइलची बॅटरी संपली की त्यातला नंबर कुणालाच पाठ नसतो.

कुणाकडे जाणार, हेही आत्ताच विचारून ठेव. "पाणी आलं तर चार दिवस येऊ का?" हे मे महिन्यात विचारायला संकोच वाटतो, पण समोरचा आनंदानं हो म्हणतो.

पिशवीचं थोडक्यात सांगतो. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि आईचं इन्सुलिन किमान पंधरा दिवस पुरेल इतकं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्ससह. वीज गेली तर इन्सुलिन किती दिवस आणि कसं ठेवायचं, ते डॉक्टरांना आत्ताच विचार. टॉर्च, भरलेली पॉवर बँक, सुकं खाणं, आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा. पुरात नेटवर्क गेलं की क्यूआर कोडचा उपयोग नसतो. पाण्याची भांडी आधीच भरून ठेव. २०१९ ला उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, शहराचे नळ बंद पडले आणि टँकरपुढं रांगा लागल्या. शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्ग बंद झाला तेव्हा पेट्रोल, दूध, भाजी सगळ्याचीच चणचण झाली. म्हणजे पाणी तुझ्या घरात नाही आलं, तरी ही तयारी लागणारच.

निघताना मेन स्विच बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढ आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांध, पाण्यात तो तरंगत जातो. गाडी आदल्या दिवशीच उंचावर लाव. पाण्यात बुडालेली गाडी परत आल्यावर स्टार्ट करून बघू नकोस, सरळ मेकॅनिककडे ढकलत ने. वाहत्या पाण्यातून पायी किंवा गाडीवर जायचं नाही. गुडघाभर का असेना, खाली उघडं गटार आहे की खचलेला रस्ता, ते दिसत नाही. आणि पूर बघायला पुलावर जायचं नाही. कोल्हापूरकरांची ती हौस मला ठाऊक आहे, तरी सांगतोय.

आता माझ्या खात्यातलं. तू भाडेकरू आहेस, म्हणून भाडेकराराची प्रत, वीजबिल, आधार, रेशन कार्ड, पासबुक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, फोटो काढून डिजिटल प्रतीही ठेव. आपण इथंच राहतो हे दाखवता आलं नाही की पंचनाम्यात कुटुंब कुठं धरायचं याचा घोळ होतो, आणि तो निस्तरताना माणूस थकून जातो. या रविवारी प्रत्येक खोलीचा, कपाटाच्या आतला, फ्रिज-वॉशिंग मशीनचा फोटो काढ. पाणी ओसरल्यावर गाळ काढायची घाई होते, वासानं जीव नकोसा होतो, तरी भिजलेल्या वस्तूंचे फोटो काढल्याशिवाय काही बाहेर फेकू नकोस. वायरमननं तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नकोस. गाळात उतरताना गमबूट आणि हातमोजे हवेतच, साप-विंचू कोरड्या जागेच्या शोधात कपाटात बसलेले असतात. पायाला जखम असेल तर गाळात उतरूच नकोस. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांग, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्यांना लगेच येते. पाणी उकळूनच प्या.

वरच्या मजल्यावर एकटे आजोबा राहतात असं बाबा म्हणाले. पाणी वरपर्यंत येणार नाही म्हणून ते निघणार नाहीत. पण खाली पाणी, वीज नाही, औषध नाही, अशा घरात चार दिवस अडकणं त्यांच्या वयाला झेपणार नाही. तुमच्या कागदावर त्यांचंही नाव लिही, आणि त्यांच्या मुलाचा नंबर घेऊन ठेव.

तुमचे दोन आकडे ठरले की मला कळव. मीही इथून रोज पातळी बघत असतो.

तुझा,
काका