शोधाला ३,००० निकाल आले, आता वाचायचं कुठून?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी आणि पायथन बऱ्यापैकी येतं. ओपन सोर्समध्ये काम करायचं म्हणून एक मोठा प्रकल्प उतरवून घेतला, पण लाखो ओळी बघून हातपाय गळाले. एखादा शब्द शोधला की एकतर ३,००० निकाल येतात, नाहीतर एकही नाही. एआयला विचारलं तर अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचं नाव सांगतो. मित्र म्हणतो, आधी सगळा कोड पहिल्यापासून वाचून काढ. यात सहा महिने घालवणं नोकरीच्या दृष्टीने योग्य ठरेल का?

उत्तर : मित्राचा हा सल्ला मानू नकोस. लिनक्स कर्नलसारखा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासारखा, प्रकल्प पहिल्या ओळीपासून वाचून कुणी शिकत नाही. त्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही आपापला भाग पाठ असतो, बाकीचं गरज पडेल तसं ते शोधतात. तुझं अडलंय ते वाचनापाशी नाही, शोधायचा शब्द निवडण्यापाशी. ते शिकता येतं आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडतं, कारण तिथेही हाती येणारा कोड बहुतेक वेळा दुसऱ्यानेच लिहिलेला असतो.

सुरुवात स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुरापासून कर. समज, प्रोग्रॅमने ‘कुड नॉट ओपन डेटा.टीएक्सटी आफ्टर ३ ट्राईज’ असा मेसेज दिला. तो जसाच्या तसा शोधलास तर हाती शून्य येईल. फाईलचं नाव आणि ३ हा आकडा प्रोग्रॅम चालताना भरला जातो. कोडमध्ये त्या जागी टक्के-एस, टक्के-डी किंवा नुसते महिरपी कंस असतात. म्हणून न बदलणारा तुकडा घ्यायचा. त्यातही ‘कुड नॉट ओपन’ घेतलास तर ढीगभर ठिकाणी सापडेल, कारण ते शब्द सगळेच वापरतात. ‘ट्राईज’ हा शब्द विरळा, तोच घे. तुझे ३,००० निकाल आणि शून्य निकाल ही दोन्ही दुखणी बहुतेक वेळा इथेच बरी होतात.

तरीही काही सापडलं नाही, तर मेसेज कोडमध्ये दोन ओळींवर तुटलेला असू शकतो. कर्नलच्या लेखनशैलीत वापरकर्त्याला दिसणारा मेसेज मध्येच तोडू नये असा नियम आहे, आणि त्यामागचं कारणच मुळी ग्रेपने (फाईलींत मजकूर शोधणाऱ्या कमांडने) तो सापडावा हे आहे. सगळे प्रकल्प ही काळजी घेत नाहीत. प्रोग्रॅम भाषांतरित असेल तर मेसेज पीओ फाईलमध्ये, म्हणजे भाषांतरांच्या फाईलमध्ये, शोध. तिथे मूळ मजकुराच्या वर सहसा तो कोणत्या फाईलमधून, कितव्या ओळीवरून आला ते नोंदवलेलं असतं.

आणखी एक फसगत. नाव डोळ्यांसमोर असतं आणि व्याख्या सापडत नाही. कर्नलमध्ये ‘सिस_ओपन’ शोधलंस तर घोषणा मिळते, पण फंक्शनचा गाभा त्या नावाने मिळत नाही. तो एफएस फोल्डरातल्या ओपन.सी फाईलमध्ये ‘सिसकॉल_डिफाईन३’ या मॅक्रोच्या (कंपाईलआधी पूर्ण कोडात उलगडणाऱ्या लघुरूपाच्या) कंसात नुसत्या ‘ओपन’ नावाने लिहिलेला आहे. शेवटचा ३ म्हणजे तीन पॅरामीटर. पूर्ण नाव मॅक्रो उलगडताना जोडलं जातं. पायथनमध्ये ‘गेटअ‍ॅट्र’ने, म्हणजे चालताना नाव जोडून, बोलावलेल्या फंक्शनचंही असंच होतं. अशा वेळी नावाचा अर्धाच भाग शोधायचा. बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, तयार होणाऱ्या फाईल तर रेपोत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) सहसा नसतातच, त्यामुळे बिल्ड झाल्यावर पुन्हा एकदा शोध घ्यावा.

शोधाचं साधन काय वगळतं, हेही माहीत हवं. रिपग्रेप गिटइग्नोरमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत) लिहिलेल्या, लपवलेल्या आणि बायनरी फाईल आपणहून सोडून देतो. यूचा पर्याय एकदा दिला की गिटइग्नोरचं बंधन सुटतं, दोनदा दिला की लपवलेल्या फाईलही दिसतात, तीनदा दिला की बायनरीही. गिट ग्रेप फक्त गिटच्या नोंदीतल्या फाईल बघतो, तेही तू ज्या फोल्डरात उभी आहेस तिथून खाली. सबमॉड्यूल (प्रकल्पात जोडलेले दुसरे रेपो) हवी असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. रिपग्रेपमध्ये ‘नाव’ आणि सुरू होणारा कंस असा शोध दिलास तर तो कंस पॅटर्नचा भाग समजून एरर येते. मजकूर अक्षरशः शोधायचा तर मोठ्या एफचा पर्याय लाव आणि पूर्ण शब्दच हवा असेल तर छोट्या डब्ल्यूचा.

जागा सापडली की फंक्शन वाच, मग त्याला कोण बोलावतं ते शोध आणि लगेच टेस्टचं फोल्डर उघड. दस्तऐवज जुना होऊन पडून राहतो, पण चालू टेस्ट जुनी झाली की मोडते आणि कुणालातरी ती दुरुस्त करावी लागते. फंक्शन कसं वापरायचं, हे म्हणूनच टेस्टमध्ये जास्त खात्रीने कळतं.

‘हे असं का लिहिलंय?’ याचं उत्तर मात्र आजच्या कोडमध्ये नसतं, ते इतिहासात असतं. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय आणि एक तुकडा दिलास की ज्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) त्या तुकड्याची संख्या वाढली किंवा घटली, तेवढेच दिसतात. ओळ त्याच फाईलमध्ये नुसती वरखाली हलली असेल तर ते कमिट यात येत नाही. तेही हवे असतील तर मोठा जी वापर. त्या कमिटचा संदेश शांतपणे वाच. चांगल्या प्रकल्पांत त्यात कारण, पर्याय आणि चर्चेचा दुवा असतो. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त मला तिथेच दिसतं. पण प्रकल्प उतरवताना ‘डेप्थ १’ दिलं असशील तर इतिहास तुझ्याकडे आलेलाच नाही, आणि गिट तसं ओरडून सांगत नाही. गिट फेचच्या ‘अनशॅलो’ पर्यायाने तो मागवून घे.

एखादं फंक्शन इतर लोक कसं वापरतात हे बघायचं तर डेबियन कोड सर्च उघड. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अनस्टेबल (विकासातल्या) आवृत्तीतल्या पॅकेजांचा कोड तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनने (शोधाच्या पॅटर्नने) शोधता येतो. असे मोठे शोध तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांच्या सूचीवर चालतात, म्हणून पॅटर्नमध्ये सलग तीन तरी ठाम अक्षरं ठेव. कर्नलसाठी एलिक्सिर हे संकेतस्थळ आहे, तिथे आवृत्ती निवडून नावावरून व्याख्येकडे जाता येतं. गिटहब या कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाच्या शोधात फक्त मुख्य ब्रँच (कोडची शाखा) असते आणि फार मोठ्या फाईल गळतात. ‘गिटहबवर सापडलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं म्हणूनच धरू नकोस. सापडलेला कोड उचलण्याआधी त्याचा परवाना वाचायला विसरू नकोस.

दस्तऐवज वाचताना आधी आवृत्ती जुळव. रीड द डॉक्स या दस्तऐवजांच्या संकेतस्थळावर ‘लेटेस्ट’ म्हणजे सहसा अजून प्रसिद्ध न झालेला, विकासातला कोड असतो. तुझ्याकडे बसवलेल्या आवृत्तीचा टॅग (गिटमधली त्या आवृत्तीची खूण) चेकआउट करून, म्हणजे तो कोड समोर आणून, रेपोतलेच दस्तऐवज वाचलेस तर घोटाळा होत नाही. एआयने सांगितलेलं नावही त्याच टॅगवर आधी शोधून बघ. तिथे नसेल तर एकतर ते दुसऱ्या आवृत्तीतलं आहे किंवा बनावट आहे, आणि इतिहासात शोधलं की यातलं कोणतं ते कळतं.

आता नोकरीचं. देखभाल, सुरक्षा, डेव्हलपर सपोर्ट, पॅकेजिंग, तांत्रिक लेखन या सगळ्यांत हेच काम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या संघांपुढे पहिला प्रश्न होता की आपल्या कोडमध्ये ही लायब्ररी नेमकी कुठे आहे. तेव्हा सहा महिने जरूर दे, पण एकाच मध्यम आकाराच्या प्रकल्पाला. रोज तासभर पुरे. आठवड्याला त्याचे तीन उघडे इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी) घे आणि बग कोणत्या ओळीत असावा एवढंच शोध; दुरुस्ती नंतर. प्रत्येक शोधाची वहीत नोंद ठेव : काय शोधलं, किती निकाल आले, शब्द का बदलला.

दोन महिन्यांनी इश्यूवर उत्तर लिहायला लाग. ‘बहुधा इथे चूक आहे’ असं मोघम लिहू नकोस. ओळीचा कायमचा दुवा दे. गिटहबवर फाईल उघडी असताना वाय ही कळ दाबली की पत्त्यात ब्रँचच्या जागी कमिटचा क्रमांक येतो. मग ओळ क्रमांकावर क्लिक कर आणि तो पत्ता उत्तरात घाल. ब्रँचचा दुवा दिलास तर आठवड्याभरात ओळी सरकतात आणि वाचणाऱ्याला भलतंच काहीतरी दिसतं. अशी दहा-बारा उत्तरं जमली की त्यांचे दुवे बायोडेटात प्रकल्पाच्या नावाखाली लाव.