उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी का?

प्रश्न : सुटीत मुलांना घेऊन गाडीने दीडशे किलोमीटरवर जायचे आहे. उन्हात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये ती थोडी कमीच ठेवा, असे सगळे सांगतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात कमी ठेवू नका. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते, आतून तापते आणि भर वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो. चालताना दाब चार-पाच पीएसआयने (हे हवेचा दाब मोजण्याचे माप) वाढतोच. ते धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला सापडेल. दोन आकडे असतील तर भरल्या गाडीसाठी दिलेला घ्या. हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर तपासा. तापलेल्या टायरचा वाढीव आकडा पाहून हवा सोडलीत, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

स्टेपनीही तपासा, ऐन वेळी तीच बसलेली निघते. टायर कधी बनला हे सांगणारे चार अंक त्याच्या बाजूवर लंबगोलात असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबराला बारीक चिरा दिसल्या, तर मुलांना घेऊन त्या टायरवर निघूच नका.